हाकेला ओ

भर दुपारी मी कोळखडीच्या चावडीपुढे भोंगा तोंडाला लावून उभी होते, आणि गावाची दारं माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून बंद होत होती.

भोंगा म्हणजे बॅटरीवर चालणारा, हातात धरून बोलायचा. तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या दिमाखात आणला होता. जीपवाल्यानं मला, ब्लीचिंग पावडरच्या पोत्याला आणि त्या भोंग्याला घाटाच्या वळणावर उतरवलं, आठवड्यानं न्यायला येतो म्हणाला आणि धूळ उडवत निघून गेला. नर्स म्हणून नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे अंगात खुमखुमी भारी. पाणी उकळा, हात धुवा, जुलाब लागले की मीठ-गुळाचं पाणी पाजा, अशी चार वाक्यं नीट सांगितली की गाव ऐकतं, अशी माझी ठाम समजूत. ट्रेनिंगच्या बाईंनी बजावलं होतं, की साथीच्या गावात लोक बिचकलेले असतात, तेव्हा त्यांना नावानं हाक मारा. नाव घेतलं की माणूस जवळ येतो. म्हणून मी वाटेत भेटलेल्या पोस्टमनकडून तीन-चार बायकांची नावंही काढून घेतली होती. एवढी हुशार मी.

“सोनाबाई, बाहेर या,” मी भोंग्यातून म्हटलं.

समोरच्या घरात उंबऱ्यापाशी एक बाई तांदूळ निवडत बसली होती. नाव ऐकलं मात्र, ती सूप तिथंच टाकून आत गेली आणि दाराला आडसर पडल्याचा आवाज आला. मी दुसरं नाव घेतलं. दुसरं दार लागलं. मला वाटलं, लाजत असतील. तिसरं नाव घेतलं तेव्हा बोळाच्या तोंडाशी खेळणारी पोरं पळाली, कोंबड्या तेवढ्या मागं राहिल्या.

मग मी भोंगा खाली केला आणि पहिल्यांदा त्या गावाकडे नीट कान देऊन पाहिलं. गावाला एक आवाज असतो. कुणीतरी पोराला हाक मारतं, कुणी म्हशीला, कुणी शेजारणीला चुलीवरून विस्तव मागतं. इथं काही नव्हतं. खालच्या शेतात एका बाईची शेळी बांधावर चढली होती. बाईनं तिला “ये, ये” केलं नाही. ती तशीच उन्हातून चालत गेली आणि कान धरून तिला घेऊन आली. दुसरी एकजण परड्यात उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिची पोरगी टाळी ऐकून आली. माणसं होती, चुलीही पेटल्या होत्या, पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मागून दगडावर काठी आपटल्याचा आवाज झाला. म्हातारे ज्ञानू पाटील होते, गावचे पोलीसपाटील. त्यांनी माझ्या हातातून भोंगा काढून घेतला, आपल्या काखेत धरला आणि चावडीच्या सावलीत मला बसवून हळू आवाजात सगळं सांगितलं. गावात हाकामारी आली आहे. दाराबाहेरून हाक मारते. कधी नाव घेते, कधी नात्यानं हाक मारते, आई म्हणते, वहिनी म्हणते. आवाज घोगरा, फाटका, कुठल्याच माणसाचा नाही असा. ज्यानं ओ दिली त्याला जुलाब आणि उलट्या, आणि दिवस मावळायच्या आत कारभार आटोपतो. कुंभाराची सून गेली, तिच्या पाठोपाठ आणखी काहीजण गेले. म्हणून गावानं ठरवलं होतं, की जिवंत माणसानं हाक मारायचीच नाही. कुणाच्या दारी गेलात तर कडी वाजवायची. कडी वाजवतो तो माणूस. हाक मारते ती ती.

मी त्यांना म्हटलं, पाटील, ही पटकी आहे, कॉलरा, तुमच्या विहिरीच्या पाण्यात आहे. मी हसलेसुद्धा थोडी. ते हसले नाहीत.

“बाई,” ते म्हणाले, “मी सोता ऐकलीया.”

राहायला जागा द्यायची वेळ आली तेव्हा कुणी मला घरात घ्यायला तयार होईना. बाहेरून आलेली, त्यात गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या हाका मारत सुटलेली. शेवटी पाटलांनी एक रिकामं घर उघडून दिलं. ते मालनचं घर होतं. मालन नुकतीच गेली होती. तिचा नवरा मुंबईला गोदीत कामाला, घरात ती एकटी. दाराजवळ सापडली, उंबऱ्याकडे हात करून पडलेली. तिनं ओ दिली असणार, असं गाव म्हणत होतं.

घर सारवून स्वच्छ केलेलं होतं. खुंटीवर तिची हिरवी चोळी तशीच होती. मधल्या भिंतीपलीकडचं घर तिच्या आईचं, कोंडाबाईचं. मालन तिची एकुलती एक. लेक लांब जायला नको म्हणून तिनं ती गावातच, शेजारच्या घरात भावकीबाहेरचं स्थळ बघून दिली होती. भिंत इतकी पातळ, की कोंडाबाई पलीकडे चुलीत फुंकर मारायची ते मला ऐकू यायचं.

पहिल्या संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. कोंडाबाईच होती. उंच, वाळलेली, डोळे कोरडे. तिनं भाकरी आणि ठेचा आणला होता. मी जेवेपर्यंत ती बसून राहिली. लेकीच्या घरात दुसरं कुणी जेवताना बघून तिला काय वाटत होतं कोण जाणे. मी विचारलं नव्हतं, तरी तिनं आपणहून सांगितलं.

“त्या पहाटं आदी मलाच हाक आली हुती बाई. आये म्हनली. लेकीचा आवाज न्हाई, काय न्हाई, पर आये म्हनली. मी वळाखलं, हीच ती. मी तोंडात पदर कोंबला. ओ दिली न्हाई. मग ती माज्या दारनं परतली आन् माज्या लेकीकडं गेली.”

मी काही बोलायला गेले, तिनं हात वर केला.

“मी ओ दिली आसती तर मी गेली आसते. मालन ऱ्हायली आसती. आता पुन्यांदा यीऊ दे. एकदा यीऊ दे नुसती.”

एवढं बोलून ती ताट विसळून निघून गेली. मी आत कडी लावली आणि कंदील मोठा केला. शिकलेली बाई असले तरी त्या घरात कंदील मोठा करावासा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून मी कड्या वाजवायला लागले. दारं उघडली. लोक चांगले होते, बसायला घोंगडी टाकायचे, गुळाचा खडा पुढं करायचे. मी सांगायचे, ते माना हलवायचे. मूठभर गूळ, चिमूटभर मीठ, तांब्याभर उकळलेलं पाणी, मी हातांनी करून दाखवायचे, बायका माझ्यामागून सगळं म्हणून दाखवायच्या. शाळेत कविता म्हणतात तसं. हो बाई, हो बाई. भांडण कुणी केलं नाही आणि त्यातलं केलंही कुणी नाही. विहिरीत पावडर टाकली तर वास येतो म्हणून सगळ्या ओढ्यावर जायला लागल्या. मी ओढ्यावर जाऊन उभी राहिले तर घागरी रिकाम्या घेऊन घरी गेल्या आणि मी वळल्यावर परत आल्या. पाण्यानं माणूस मरतो हे त्यांना पटत नव्हतं असं नाही. पण पाणी रोजचंच होतं. हाक नवी होती.

आणि मग दिवेलागणीला मी ती ऐकली.

मी परड्यात भांडी घासत होते. हाक वरच्या अंगानं आली, डोंगराच्या बाजूनं. शब्द कळत नव्हता. आवाज म्हणावा तर आवाज नव्हता, कुणीतरी कोरड्या घशातून नुसता वारा काढावा तसं काहीतरी, पण ती हाक होती, त्यात शंका नाही. कुणाला तरी बोलावणं होतं. क्षणात गाव विझलं. म्हणजे दिवे होते, पण चुलीपुढचं बोलणं, भांड्यांचा आवाज, पोराचं रडणं, सगळं थांबलं. घरोघर आडसर पडत गेले. एका घरातून पोराच्या तोंडावर हात दाबल्यासारखा आवाज आला.

मी उठले. आत जाऊन कडी लावावी असंच मनात आलं. पण मला वाटलं, आज मी गप्प बसले तर उद्यापासून माझं ऐकायचं कुणाला काही कारण नाही. म्हणून मी बोळात जाऊन मोठ्यानं म्हटलं, “ओ! कोण आहे? आले मी.”

हाक पुन्हा एकदा आली. जरा उजवीकडून वाटली. मी धावले. वरच्या आळीत गेले, घळीच्या कडेनं गेले, ओ देत गेले. डोंगरावरून माझाच आवाज परत येत होता, त्यामुळे कुठली बाजू ते समजेना. मी कड्या वाजवल्या. ज्या दारांनी दिवसा मला गूळ दिला होता त्यांतलं एकही उघडलं नाही. पाटलांचंही नाही. मग हाक यायची थांबली. अंधार पडला. मी सगळ्या गोठ्यांतून डोकावले, गुरं माझ्याकडे बघत होती. कुणी सापडलं नाही.

सकाळी हरीतात्या सापडला. वरच्या टोकाचा एकटा राहणारा म्हातारा. गोठ्यात नव्हता, घराच्या मागं लाकडांच्या आडोशाला पडला होता. मी त्याच्या घरावरूनच दोनदा गेले होते. अंगावरची कातडी सुरकुतलेली, डोळे आत गेलेले, बघताक्षणी कॉलरा. मी पाटलांना म्हटलं, बघा, हा आजार आहे. पाटील माझ्याकडेच बघत होते. सगळेच माझ्याकडे बघत होते, प्रेताकडे कुणी नाही.

तेव्हा मला उमगलं. हरीतात्या गेला ते गेलाच. पण संध्याकाळी सगळ्या गावानं कान देऊन ऐकलं होतं, की बाईनं ओ दिली.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरायची नाही. मी दिसले की बायका भिंतीला चिकटून वाट द्यायच्या. सोनाबाईनं मला गूळपोळी आणून दिली आणि मी खात असताना, जत्रेच्या बोकडाकडे बघतात तसं माझ्याकडे बघत बसली. पाटलांनी अगदी सहज विचारल्यासारखं करून माझ्या वडिलांचं नाव आणि कराडचा पत्ता विचारून घेतला. घरी कळवायला, हे ते बोलले नाहीत, मलाही विचारावं लागलं नाही. माझ्या बापाचा पत्ता मी खणखणीत आवाजात दिला.

कारण मला आता एकच काम उरलं होतं: मरायचं नाही. जीप येईपर्यंत मी या बोळांतून चालती-बोलती दिसले, तर ओ देऊनही माणूस जगतो हे गाव बघेल. मेले तर मात्र संपलं. मग पुढची दहा वर्षं इथं कुणी नर्स पाठवा नाहीतर डॉक्टर पाठवा, दार उघडणार नाही, आणि जे आजारी पडतील ते एकेकटे मरतील. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ मुद्दाम सगळ्या आळ्यांतून फिरायचे. पाणी उकळून गार करून माठात भरून ठेवायचे, दुसरीकडचं पाणी तोंडाला लावायचे नाही. मला गाता येत नाही, तरी मी गुणगुणत फिरायचे. लोकांना भूत गातंय असंच वाटत असणार.

असंच एका दुपारी कोंडाबाई ताकाचा गडू घेऊन आली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, “प्या बाई. मालनला आवडायचं माज्या हातचं.” त्या गावात फक्त ती एकटी मला बघून भिंतीला चिकटत नव्हती. मी गडू तोंडाला लावला. दुखणं त्या ताकातून आलं, की फिरताना कुठं हात बुडवले त्यातून, हे मला कधीच कळलं नाही आणि कळून उपयोगही नव्हता.

पहाटे पोटात ढवळलं. दिवस उजाडेपर्यंत माझ्यात काही राहिलं नाही. भाताच्या पेजेसारखे जुलाब, उलट्या, पोटऱ्यांत गोळे. मला कळत होतं काय चाललंय, सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. सुरुवातीला मी मीठ-गुळाचं पाणी केलं, प्याले, ते पडलं, पुन्हा प्याले. मग हातातून तांब्या निसटला आणि भुईवर सगळं सांडलं. माठ समोर होता. खोलीच्या त्या टोकाला. मी सरपटत निघाले आणि मधेच माझे हात मुडपले. दारापर्यंत पोचणं, उठून आतली कडी काढणं, बाहेर जाऊन कुणाची तरी कडी वाजवणं, हे मला त्या जन्मात जमणार नव्हतं.

मग मी हाक मारली.

“सोनाबाई,” असं म्हणायचं होतं. घशातून जे निघालं ते ऐकून मीच गप्प झाले. तो माझा आवाज नव्हता. घोगरा, फाटका, कोरड्या घशातून वारा काढावा तसा. तो मी ऐकला होता. दिवेलागणीला, डोंगराच्या अंगानं.

ट्रेनिंगमध्ये एकदा ओझरतं सांगितलं होतं, की अंगातलं पाणी आटलं की रोग्याचा आवाज बसतो, बदलतो. परीक्षेपुरतं मी ते पाठ केलं होतं. आता मी भुईवर गाल टेकवून पडले होते आणि एकेक माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात होता. कुंभाराची सून. हरीतात्या. उंबऱ्याकडे हात करून पडलेली मालन. यांना कुणी हाक मारलीच नव्हती. हेच हाक मारत होते. उठवत नव्हतं, कडीपर्यंत हात पोचत नव्हता, फक्त आवाज उरला होता, आणि तोही असा, की सख्ख्या माणसानं ओळखू नये. गावानं कडीची रीत पाडली होती जगण्यासाठी. जो पडला त्याला कडी वाजवताच येत नव्हती.

मी पुन्हा हाक मारली. पाटलांना मारली, सोनाबाईला मारली. पलीकडच्या बोळात कुणीतरी चालत होतं, ते थांबलं. मग पळत गेल्याचा आवाज आला. आडसर पडला. आणखी एक पडला. बाहेर लख्ख ऊन होतं, कौलांतून एक कवडसा माझ्या हातावर पडला होता, आणि सगळं गाव दारामागं श्वास रोखून माझी हाक ऐकत होतं. मला रडायचं होतं, पण डोळ्यांतून पाणी येईना.

शेवटी शेवटी मला नीटसं भान नव्हतं. मी कराडच्या घरी आहे असं वाटत होतं, आणि सगळी माणसं शेवटी जिला हाक मारतात तिलाच मी मारत होते. “आई,” म्हणत होते. “आई गं.”

भिंतीपलीकडे काहीतरी पडलं. मग बराच वेळ काही नाही. मी पुन्हा म्हटलं.

“ओ,” भिंतीपलीकडून आलं.

इतक्या हळू, की मला भास वाटला. मग जोरात आलं. “ओ. आले. आले माजे बाय.” तिचं दार उघडल्याचा आवाज झाला, माझं दार हादरलं, कडी निघेना तशी तिनं खांदा दिला, जुनी कडी चौकटीतून उपटून आली आणि कोंडाबाई आत आली. केस सुटलेले, डोळे मिटलेले. होय, मिटलेले. तिनं दोन्ही हात पुढं पसरले होते.

“मागल्या बारीला मी दिली न्हाई गं,” ती म्हणत होती. “आता दिली. ने मला. चल.”

मी काहीतरी घरघरले. तिनं डोळे उघडले आणि भुईवर पडलेल्या मला पाहिलं. तिच्या तोंडावर जे आलं त्याला मी निराशा म्हणते. लेक नव्हती, हाकामारीही नव्हती. कराडची नर्स होती, घाणीत पडलेली.

पण ती बसली. माझं डोकं मांडीवर घेतलं. मी माठाकडे बोट केलं. तिनं आपल्याशीच पुटपुटत, मी शिकवलेलं सगळं म्हणत म्हणत केलं: मूठभर गूळ, चिमूटभर मीठ. बोटानं, मग चमच्यानं, मग वाटीनं. मी ओकले की पुसायची आणि पुन्हा पाजायची. मी तिला खुणेनं सांगत होते, हात धू, तुला होईल. ती म्हणाली, “मला कशाचं भ्या आता? ओ दिली की मी.” ती मरायलाच बसली होती, आणि तेवढा वेळ हाताला काम असावं म्हणून मला पाजत होती. तरी हात मात्र प्रत्येक वेळी राखेनं धूत होती, कारण मी डोळे वटारत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मी जिवंत होते आणि तीही होती. ओकारी थांबली होती. माझ्या तोंडून शब्द निघायला लागले होते, अजून घोगरे, पण माझे. मी पाणी मागितलं. कोंडाबाई वाटी घेऊन आली, मला पाजली, आणि वाटी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती काय विचारणार हे मला तिच्याआधी कळलं. 

“बाई, तुमचा आवाज काल आसा कशानं झाला हुता?”

मी म्हटलं, घसा कोरडा पडला होता.

“ह्यो रोग झाला की समद्यांचाच हुतो?”

मला नाही म्हणता आलं असतं. लाख मनात आलं. नाही मावशी, माझाच घसा तसला, एवढं म्हटलं असतं तर तिला उरलेला जन्म हाकामारीला शिव्या घालत काढता आला असता. तेवढा आधार तिचा तिला राहिला असता. पण मग बाकीच्या गावाला मी काय सांगणार होते? वरच्या आळीत, खालच्या आळीत, उद्या कुणी पडलं आणि हाक मारली तर? जी गोष्ट सांगायला मी आले होते ती हीच होती. बाकी सगळं, उकळलेलं पाणी, पावडर, भोंगा, त्याच्या मागून. आणि ती सांगायची तर पहिल्यांदा या बाईला सांगायला लागणार होती.

“होतो,” मी म्हटलं. “सगळ्यांचाच होतो, मावशी.”

तिनं वाटी खाली ठेवली, नीट, आवाज न करता. तिच्या ओठांची हालचाल होत होती. मग ती म्हणाली, “आये म्हनली हुती.” मी तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. उठली आणि दार उघडं टाकून बाहेर गेली. मला वाटलं, विहिरीत जीव द्यायला गेली. मी उठायला बघितलं, पाय चालेनात. मी मावशी, मावशी म्हणत होते आणि माझ्या आवाजाला अजून जोर नव्हता. माझा जीव असा कधी घाबरला नव्हता, आदल्या दिवशी मरतानाही नाही.

आणि मग बोळातून तिचा आवाज आला. ती हाका मारत होती.

कितीतरी दिवसांनी त्या गावात कुणीतरी उघड्यावर, दिवसाउजेडी, मोकळ्या गळ्यानं हाक मारत होतं. सोने. अनुसये. ज्ञानू दाजी. एकेक घराचं नाव घेत ती बोळातून चालत होती. दारं लागत गेली, मी ऐकत होते. ती थांबली नाही. चावडीपुढं, जिथं मी भोंगा घेऊन उभी होते तिथं असावी, कारण तिथून आवाज सगळीकडे जातो.

“ती हाकामारी न्हवती,” ती ओरडली. “आयका. ती माजी मालन हुती. मला हाक मारत हुती. पानी मागत हुती. आन् मी आये म्हनल्यालं आयकून आडसर घालून बसले.”

कुठंही काही हाललं नाही.

“रोगानं आवाज तसा हुतो. नर्सबाईचा बी झाला. मी ओ दिली, बाई जित्ती हाय. मी बी जित्ती हाय. हाक आली तर ओ द्या. नगा आसं करू माज्यावानी. तुमचंच मानूस आसतं ते.”

तिचा आवाज तिथं फुटला. त्यानंतर ती फक्त रडत होती. लेक गेल्यापासून ती रडली नव्हती, असं मला नंतर सोनाबाईनं सांगितलं. ते रडणं सगळ्या गावानं बंद दाराआडून ऐकलं. मग एक आडसर निघाल्याचा आवाज आला, आणि दोन बायका तिला धरून माझ्याकडे घेऊन आल्या.  पाटील आले, दारात उभे राहून मला नुसतं बघून गेले.

त्या दिवशी दिवेलागणीला हाक आली. खालच्या आळीतून. तसलीच, घोगरी, शब्द न कळणारी. कोंडाबाई माझ्या उशाशी भिंतीला टेकून बसली होती. गाव गप्प झालं, पहिल्यासारखंच. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता आडसर पडतील.

“ओ,” कुणीतरी म्हणालं. बाईमाणसाचा आवाज, भीतीनं चिरकलेला, अगदी मरायच्या तयारीनं दिलेली ओ. मग दुसऱ्या घरातून पाटलांची आली. मग वरच्या आळीतून, मग आणखी कुठून कुठून. कड्या निघाल्या. कंदील हलायला लागले, माणसं एकमेकांना नावानं हाका मारत विचारत होती, कुणीकडून आली, कुणाच्या घरातून आली. त्या रात्री सोनाबाईची सासू सापडली, आणि ती वाचली.

पण त्या सगळ्यांच्या आधी माझ्या उशाशी बसलेली कोंडाबाई उठली होती. तिनं गुळाचा खडा आणि मिठाचं भांडं घेतलं, पदर कमरेला खोचला आणि अंधारात पळत सुटली. तिचा आवाज बोळातून लांब लांब जाताना मला ऐकू येत होता.

“ओ. आले गं माजे बाय, आले.”